दुपारचा डोळा

औषधांच्या दुकानात माझ्यापुढे उभा असलेला माणूस काहीतरी विचारायला मागे वळला आणि मला माझा डोळा दिसला. डावा. बुबुळाच्या खालच्या कडेला गंजाच्या रंगाचा एक ठिपका आहे. तो घालायला मला अख्खी सकाळ लागली होती, कारण त्याच्या खऱ्या डोळ्यात तसाच एक ठिपका होता आणि तो नुसता तपकिरी नव्हता, तपकिरीच्या आत जरासा नारिंगी होता. माणसाचं नाव मी विसरले होते, चेहराही विसरले असते, पण ठिपका कशी विसरेन? मी हसले. "कसा आहे? त्रास नाही ना काही?" असं विचारूनही मोकळी झाले. त्याच्या शेजारी त्याची मुलगी उभी होती, कॉलेजात जाणारी असावी. तो खऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत होता, आणि मी केलेला डोळाही त्याच्या जोडीने वळून माझ्याकडे बघत होता, इतका चांगला बसला होता तो. आणि तो माणूस म्हणाला, "आपण कोण? मी ओळखलं नाही." मुलीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझीच गफलत झाली," मी म्हणाले, आणि खोकल्याचं औषध न घेताच बाहेर पडले.

राग त्याच्यावर नव्हता असं म्हटलं तर ते शहाणपणाचं दिसेल. पण होता, त्याच्यावरच होता. कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत मी मनात त्याच्याशी भांडत चालले. तीन आठवडे हा माणूस माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. मी त्याच्या डोळ्यात जितकं बघितलं तितकं त्याच्या बायकोनेही बघितलं नसेल. डोळा बसवल्यावर आरशात बघून तो हुंदके देऊन रडला होता, माझा हात सोडत नव्हता, "तुमचे उपकार" वगैरे म्हणत होता. आता म्हणे आपण कोण. गरज सरो आणि वैद्य मरो, तेही मुलीच्या देखत. आणि चीड येण्यासारखी गोष्ट ही, की त्याचं चुकलंही नव्हतं. मी त्याला हेच तर करून दिलं होतं. कुणाला कळू नये असा डोळा. सुताराने खुर्ची केली तर लोक तिच्यावर बसतात आणि सुताराचं नाव विचारतात. माझं काम चांगलं झालं की ते झालंच नव्हतं असं सगळ्यांनी वागायचं असतं, आणि वाईट झालं की तेवढं सगळ्यांना दिसतं.

एरवी मी हे गिळलं असतं, बरीच वर्षं गिळतेच आहे. पण गुरुवार जवळ आला होता. इस्पितळाच्या डोळ्यांच्या विभागात जिन्याखालून उजवीकडे वळलं की शेवटची खोली माझी. एक उत्तरेची खिडकी, दोन स्टुलं, पॉलिशचं चाक, मेण, रंग, आणि लाल रेशमाचं एक रीळ. लोक काचेचा डोळा म्हणतात, पण काच कधीच मागे पडली. दातांची कवळी ज्या मसाल्याची करतात त्याचाच हाही करतात, आणि पांढऱ्यावरच्या बारीक शिरा म्हणजे रेशमाचा एकेक तंतू सोडवून चिकटवलेला असतो. या वर्षी विभागाला नवे मोठे डॉक्टर आले. एक दिवस ते माझ्या खोलीत एक चपटी पेटी घेऊन आले आणि टेबलावर उघडली. आत ओळीने डोळे. काळे, तपकिरी, फिकट तपकिरी; लहान, मध्यम, मोठे. "मॅडम, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे," ते म्हणाले. असं कुणी म्हणालं की समजावं, आदर संपला. "पण हा दहा मिनिटांत बसतो. तुमच्याकडे पेशंटला चार चार खेपा." मी म्हटलं, "जुळत नाही." ते म्हणाले, "साधारण जुळतो." मी म्हटलं, "साधारण म्हणजे नाही." मग ते हसले. वाईट माणूस नव्हे, घाईतला माणूस. "फरक इतका असेल तर दाखवा ना. गुरुवारी समिती बसणार आहे. तुमचा एक पेशंट आणा, मी माझा आणतो. शेजारी शेजारी बसवू. फरक पटला तर खोली तुमची. नाही तर मला ही जागा मशीनसाठी हवीय."

एक पेशंट. हसू आलं होतं मला तेव्हा. शेकड्याने लोकांच्या चेहऱ्यात माझं काम फिरतंय, एक मिळणार नाही? त्या रात्रीपासून मी फोन लावत सुटले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या वर्गातल्या मुलांना माहीत नाही, आणि समितीत कुणाचे तरी पालक असले म्हणजे?" बस चालवणारा म्हणाला, "ताई, माझी नोकरी घालवता काय?" बँकेतल्या बाईंनी फोन उचलून, माझा आवाज ऐकून, "राँग नंबर" म्हणून ठेवला. एकजण तर माझ्यावरच उखडला, की त्याचा नंबर मी जपून ठेवलाच कशाला. जो तो आपल्या जागी बरोबर, आणि मी फोन हातात घेऊन खोलीत येरझाऱ्या घालतेय, तोंडाने त्यांना शिव्या देतेय. माझ्या आईला ऐकवल्या नसत्या अशा शिव्या.

आईने त्या ऐकल्या असत्या तर निदान एक शब्द त्यातला वगळायला सांगितला असता. दादा नऊ वर्षांचा असताना शाळेच्या फाटकापाशी गर्दीत कुणाच्या तरी छत्रीची काडी त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. ज्याची छत्री होती तो पुढे चालत गेला, त्याला आजतागायत माहीत नसेल. त्या दिवसापासून आमच्या घरात डोळा हा शब्द बंद झाला. आणि मराठी बोलणाऱ्या घरात तो बंद करून बघावा म्हणजे कळेल. दुपारी आईचा डोळा लागत नसे, ती "जरा पडत" असे. शेजारणीच्या डोळ्यात आमचं काही खुपत नसे. आम्ही कुणाकडे डोळेझाक करत नसू. वडील बोलता बोलता मध्येच थांबायचे, दुसरा शब्द शोधायचे, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांना कळायचं की कुठला शब्द गेला. दादाला तर सगळ्यात आधी. मग एकदा वडील त्याला घेऊन गेले आणि तयार डोळा बसवून आणला. दादाचे डोळे मधाच्या रंगाचे, आणि हा डांबरासारखा काळा. दुकानदाराने पेटीत दाखवले त्यातला उचलला. वडील म्हणाले, "साधारण जुळतोय." तो साधारण शब्द माझ्या डोक्यात तेव्हा जो बसला तो गेलाच नाही. शाळेत मुलं त्याला "दीड" म्हणायची. नुसतं दीड. मास्तरसुद्धा एकदा म्हणून गेले आणि वर्ग हसला. मी दोन इयत्ता खाली होते, पण हसणं भिंतीपलीकडून ऐकू आलं.

तेव्हा मी त्याचा डोळा रात्री वाटीतून काढून घेतला आणि माझ्या रंगपेटीतला मधाचा रंग कालवून त्यावर लावला. वाळवला. सकाळी त्याने बसवला, आणि आरशासमोर आम्ही दोघं बघतच उभे राहिलो, इतका तो दादाचा दिसत होता. दुपारपर्यंत डोळ्याच्या पाण्याने रंग सुटला आणि तपकिरी ओघळ गालावरून शर्टावर आला. वर्गाने काय केलं असेल ते सांगायला नको. वडिलांनी मला मारलं. ते मला मान्य नव्हतं आणि आजही नाही, कारण चुकीचा डोळा घेऊन त्यांनीच सुरुवात केली होती. दादाने मात्र मला एक शब्द विचारला नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर म्हणाला, "सकाळी तरी जुळत होता." बस्स. लोक मला विचारतात, तुम्हाला हे स्वप्न कधी पडलं, प्रेरणा कुठून मिळाली. एकदा एका कार्यक्रमात एका मुलाखतकार बाईंनी पाच टप्प्यांत सांगा म्हटलं होतं. मला प्रेरणा मिळाली नाही. मला राग आला होता, आणि तो शिळा झाला नाही, एवढंच आहे ते.

दंतवैद्यकीच्या कॉलेजात एक म्हातारा कवळ्या करायचा आणि फावल्या वेळात डोळे. त्याच्या दाराशी मी जाऊन उभी राहिले. आई म्हणाली, "उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं, मुलगी काय करते? डोळे?" घरात इतक्या वर्षांनी तो शब्द आईनेच उच्चारला, तोही मला टोचायला. म्हाताऱ्याने पहिली दोन वर्षं मला पांढऱ्या भागाखेरीज कशाला हात लावू दिला नाही. पांढरा म्हणून जो असतो तो पांढरा नसतो, हे शिकायला दोन वर्षं पुरली नाहीत. त्याचे नियम होते. रंगवताना बोलायचं नाही. पेशंटच्या गुडघ्याला गुडघा लागला पाहिजे. आणि रडून आलेल्या माणसाचा डोळा रंगवायचा नाही, परत पाठवायचा, कारण आपण समोर दिसतात तेवढ्या शिरा घालतो आणि तो माणूस जन्मभर रडल्यासारखा दिसतो. लोक चिडायचे, लांबून आलेले असायचे. म्हातारा ढिम्म. दादासाठी मी डोळ्यामागून डोळे करून बघितले आणि मोडले. मध त्यात उतरत नव्हता. वरून रंग दिसायचा, आतून उजेड यायचा नाही. शेवटी जमला तेव्हा दादा सव्वीस वर्षांचा होता. त्याने आरशात बघितलं, चपला घातल्या आणि बाहेर गेला. संध्याकाळी परत आला. "बसमध्ये एका बाईने माझ्याकडे बघितलं," तो म्हणाला, "आणि काही न होता दुसरीकडे बघायला लागली." यापेक्षा मोठा सत्कार माझा झालेला नाही.

मग त्याचं लग्न ठरलं. "तिला सांगितलं नाहीये," तो म्हणाला, "तूही सांगू नकोस. कळतच नाही तर कशाला?" मला काय वाटलं असेल? मला गुदगुल्या झाल्या. बायकोलासुद्धा कळत नाही. त्यानंतर वर्षातून एकदा तो टॅक्सच्या कामाला जातो म्हणून घरून निघायचा आणि माझ्या खोलीत येऊन डोळा पॉलिश करून घेऊन जायचा. मी त्यांच्याकडे जेवायला गेले की वहिनीला वाढताना बघायचे, दादाच्या तोंडाकडे बघून ती आणखी हवंय का विचारायची, आणि मी मनात म्हणायचे, बघ, बघ किती बघायचं ते. मला नवरा नाही, मूल नाही, माझ्या नावाची पाटी त्या खोलीवरही नाही. पण हे एक होतं.

म्हणून रविवारी मी दादाकडे गेले. वहिनी आत होती, आम्ही बाल्कनीत. मी सगळं सांगितलं, आणि सांगितलं की आता तूच.

"नाही," दादा म्हणाला.

"तुझं काय जातंय?"

"संसार जातोय. इतकी वर्षं झाकलं आणि आता समितीसमोर सांगू? आधी तिला काय सांगू?"

"खोली जाईल माझी, दादा."

"दुसरी मिळेल. तुझ्या हातात कला आहे."

"कला," मी म्हणाले. "ज्यांच्या चेहऱ्यात माझी कला बसलीय त्यातला एकही मला ओळखायला तयार नाही. परवा एकाने दुकानात विचारलं, आपण कोण. तूही विचार, म्हणजे झालं."

त्याने रस्त्याकडे तोंड वळवलं. डावीकडून वळला, तसा तो नेहमीच वळतो. वहिनीने चहा आणला होता तो तसाच ठेवून मी उठले. जिना उतरताना मला वाटलं, परत वर जावं आणि तो डोळा मागून घ्यावा. माझा आहे, दे इकडे, आणि बस पेटीतला काळा लावून. इतकं वाईट माझ्या मनात आलं, आणि ते आलं याचंही मला काही वाटलं नाही.

बुधवारी दुपारी माझ्या खोलीचं दार ढकलून वहिनी आत आली. ती इथे कधीच आली नव्हती. तिने खिडकी बघितली, चाक बघितलं, आणि पेशंटच्या स्टुलावर बसली.

"मिळालं का कोणी, ताई?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या बाल्कनीला दार नाही, ठाऊक आहे ना." मग म्हणाली, "उजवा. मला माहिती आहे."

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो माफीचा नव्हता. मी म्हणाले, "कशावरून?"

"लग्नानंतरचा पहिलाच आठवडा. संध्याकाळी वीज गेली, मी मेणबत्ती घेऊन आले. यांच्या एका डोळ्यातला काळा ठिपका मेणबत्ती जवळ नेली की बारीक होत होता, लांब नेली की मोठा. दुसऱ्यातला होता तेवढाच. दोनतीनदा पुढेमागे करून बघितलं मी. हे म्हणाले, काय खेळतेयस."

बाहुली. बाहुलीचं माप आम्ही दुपारचं धरतो, खिडकीतल्या उजेडातलं. रंगवलेली बाहुली लहानमोठी होणार नाही, मग कुठलं तरी एक माप धरायलाच हवं, आणि म्हातारा म्हणायचा, माणसाला चारचौघं दुपारीच बघतात. "उजेडात कुणाच्या बापाला कळणार नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"नाहीच कळत. मी काय उजेडातच राहते का त्यांच्याबरोबर?"

"मग विचारलं का नाहीत?"

"मी वाट बघत होते. थोरली झाली तेव्हा वाटलं, आता सांगतील. माझे वडील गेले तेव्हा हे माझ्यापाशी बसून रडले, तेव्हा वाटलं. दर वर्षी टॅक्सचं काम करून येतात ते डोळा चकचकीत करून. मी विचारते, झालं का काम? म्हणतात, झालं. आधी त्यांचा राग यायचा. मग तो गेला, आणि तुझा यायला लागला." इतक्या वर्षांत अहोजाहो सोडून ती मला पहिल्यांदाच तू म्हणाली. "तुझा डोळा जरा वाईट असता ना, तर त्यांना मला सांगावंच लागलं असतं. पहिल्याच दिवशी. तू इतका चांगला केलास की त्यांना खोटं बोलायची सोय झाली. मी बारा महिने ज्याच्याशेजारी झोपते तो माणूस माझ्यापासून काहीतरी लपवतोय, आणि त्यात तुझा हात आहे."

मला तिला खोलीबाहेर काढावंसं वाटलं. मी जन्मभर एका गोष्टीचा अभिमान बाळगला, आणि ती गोष्ट एका मेणबत्तीने पहिल्याच आठवड्यात उघडी पाडली होती. मी तिच्या ताटासमोर बसून मनात जे हसत होते ते ती सगळं बघत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे ती म्हणत होती ते खरं होतं, आणि खरं असूनही मी तो डोळा वाईट केला नसता. कधीच केला नसता. हे मी तिला सांगितलं. मोठ्याने सांगितलं.

"ते दिसतंयच," वहिनी म्हणाली आणि उठली. "उद्या किती वाजता?"

गुरुवारी समिती लांब टेबलामागे बसली होती. मोठे डॉक्टर, दोन पुरुष आणि हिशेबाच्या विभागातल्या एक बाई. डॉक्टरांचा पेशंट आधीच येऊन बसला होता, कुठल्याशा इमारतीचा रखवालदार, पेटीतला डोळा लावलेला, आणि बिचारा खूश होता. साधारण. मग वहिनी आणि दादा आले. दादाचा चेहरा उतरलेला होता. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "काल सांगितलं त्यांनी. जेवताना. आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं." दादा माझ्याकडे न बघता रखवालदाराशेजारच्या खुर्चीवर बसला.

"यांचा बसवलेला कुठला?" डॉक्टरांनी समितीला विचारलं. एकाने डावा सांगितला. दुसरा खुर्ची पुढे ओढून बघत राहिला आणि उजवा म्हणाला, मग डावा म्हणाला. हिशेबाच्या बाई वैतागल्या. "दोन्ही खरेच आहेत की. यांना कशाला आणलंय?" मग डॉक्टर उठले, त्यांनी पडदे ओढले, दिवा मालवला आणि खिशातली बॅटरी दादाच्या तोंडासमोर धरली. "आता बघा. ही बाहुली हलतेय. ही हलत नाही. म्हणजे शेवटी हाही खोटाच, हे लक्षात घ्या." ते खोटं बोलत नव्हते, म्हणून मला आणखी संताप आला. त्या अंधारात मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी बोलली.

"खोटाच आहे. डॉक्टर, अंधारात यांच्या तोंडाकडे बघणारी मी एकटी आहे. मला चालतो."

कुणीतरी पडदा सरकवला. रखवालदार दादाकडे टक लावून बघत होता. त्याने विचारलं, "हा असा मला मिळेल का?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग कागदांकडे.

खोली राहिली. नुसती राहिली नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी स्वतः खटपट करून दुसरं चाक आणवलं आणि दोघीजणी माझ्याकडे शिकायला पाठवल्या. पेटी अडगळीत गेली. दारावर पाटी लागली. मी गेल्यावरही इथे गुडघ्याला गुडघा लावून कुणीतरी बसेल, आणि रडून आलेल्यांना परत पाठवेल. सगळे म्हणतात, आता तरी खूश ना? मी खूश होते आणि मला झोप लागत नव्हती. ती मेणबत्ती डोक्यातून जात नव्हती. दोघी घरी गेल्या की मी दार लावायचे आणि दादासाठी दुसरा डोळा करत बसायचे. तोच मध, तीच शीर, पण बाहुली मोठी. संध्याकाळचा डोळा. बाहेर दुपारचा लावायचा, घरी आला की हा. म्हाताऱ्याला सुचलं नाही ते मी करणार होते. दोन महिने घातले मी त्यात. मेणबत्ती लावून, हातभर अंतरावरून बघून बघून केला. मग वहिनीने मेणबत्ती कशीही नाचवली तरी... असं काहीतरी मी पुटपुटत असायचे.

डबी पर्समध्ये घेऊन मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. दार दादानेच उघडलं. उजवी पापणी खाली आलेली, आत बसलेली, मागे रिकामं. माझ्या खोलीत मी त्याला वर्षातून एकदा असा बघते, काही मिनिटं, पण दार उघडताना, दिवाणखान्यात सगळे दिवे लागलेले असताना, धाकटा मागे टीव्ही बघत असताना नाही. "ये," तो म्हणाला. वहिनी आतून म्हणाली, "घरी आले की काढूनच ठेवतात आता. मोकळं वाटतं म्हणतात." मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर, धुतलेल्या भांड्यांशेजारी, एका वाटीत पाण्यात तो पडला होता, मध सगळा छताकडे करून. मी उचलला आणि सवयीने उजेडात धरला. कडेला ओरखडा आला होता.

"हे काय?" मी ओरडले. माझा आवाज इतका मोठा होता की टीव्ही बंद झाला. "भांड्यांत ठेवतात का कुणी याला? चमचे पडतात, ओरखडे येतात. एवढं जपून मी... निदान वर झाकण तरी ठेवत जा."

दादा दारात उभा राहून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता आणि हसू दाबत होता. पर्समधली डबी मी बाहेर काढलीच नाही. वहिनीने वाटीवर एक बशी ठेवली आणि आम्ही जेवायला बसलो.